मुखत्यारामार्फत दिलेले मत

भारताच्या राष्ट्रपतीची निवडणूक ज्या दिवशी होते, त्या दिवशी गिरगावच्या चाळींत, दादरच्या फुलबाजारात किंवा लालबागच्या चिवडा गल्लीत नित्याच्या व्यवहारात तिळमात्र फरक पडत नाही; शाळांना सुटी नसते, नाक्यानाक्यावर मतदारयाद्यांची टेबले मांडलेली नसतात आणि कोणाच्या बोटाला शाई लागत नाही. मत देणारे असतात ते विधानभवनात. तेथे प्रत्येक आमदाराच्या हाती गुलाबी मतपत्रिका पडते, आयोगाने पुरवलेली विशिष्ट लेखणी घेऊन तो आडोशाला जातो, उमेदवाराच्या नावासमोर पसंतीचा आकडा घालतो आणि घडी करून ती मतपत्रिका पेटीत टाकतो. त्याच्या त्या एका आकड्याचे वजन आज महाराष्ट्रात १७५ मानले जाते. हे १७५ आले कोठून, आणि ज्या परळच्या मतदाराने त्या आमदाराला निवडून दिले त्याचा त्यात अंश किती, असा प्रश्न विचारी माणसाच्या मनात उठल्याखेरीज राहत नाही. आणि त्या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ असे देऊन मोकळे होणारेही पुष्कळ भेटतात.

मला ते उत्तर मान्य नाही. परंतु त्याचे खंडन तत्त्वचर्चेने करण्यापेक्षा या शहराच्या इतिहासाच्या आधारे करणे अधिक श्रेयस्कर, कारण अप्रत्यक्ष निवडणुकीचा जितका दीर्घ आणि जितका विविध अनुभव मुंबईने घेतला आहे, तितका हिंदुस्थानातील फार थोड्या शहरांनी घेतला असेल.

त्या अनुभवाची सुरुवात करदात्यांच्या गाऱ्हाण्यांत झाली. आर्थर क्रॉफर्ड हा म्युनिसिपल कमिशनर शहर सुधारण्याच्या उत्साहात खर्चाची मर्यादा विसरला, आणि त्याच्यावर देखरेख करण्याचे काम ज्या जस्टिस ऑफ द पीस मंडळींकडे होते ती सरकारने नेमलेली असल्यामुळे पट्टी भरणाऱ्या रयतेला जाब विचारावयास जागाच उरली नाही. १८७१ मध्ये नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक आदी पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध चळवळ उभारली, आणि त्याच वर्षी धोबीतलावाच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये तरुण फिरोजशहा मेहतांनी निबंध वाचून असे प्रतिपादन केले की, दोष एकट्या कमिशनरचा नसून लोकनियुक्त सभासद नसलेल्या व्यवस्थेचा आहे. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांचे कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. त्यातील निम्मे म्हणजे बत्तीस करदात्यांनी निवडावयाचे, सोळा जस्टिसांनी निवडावयाचे आणि उरलेले सोळा सरकारने नेमावयाचे अशी वाटणी ठरली. मत देण्यासाठी वर्षाला किमान पन्नास रुपये पट्टी भरणे आवश्यक होते, आणि १८७२ च्या शिरगणतीत सहा लाख चव्वेचाळीस हजारांवर भरलेल्या या शहरात अशी पट्टी भरणारे लोक अर्थातच मूठभर होते. गिरणीच्या साच्यावर उभा राहणारा, गोदीत गोण्या वाहणारा, खानावळीत जेवणारा कोकणी आणि घाटावरचा माणूस त्या यादीत कोठेच नव्हता.

१८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या बहात्तर झाली: छत्तीस वॉर्डांतून, सोळा जस्टिसांकडून, दोन विश्वविद्यालयाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि सोळा सरकारनियुक्त. हे सभासद आपल्यातून दरवर्षी एक अध्यक्ष निवडीत. त्याला प्रेसिडेंट म्हणत, आणि १९३१ मध्ये त्याचेच नाव मेयर झाले. बोमन बेहराम हे त्या नावाने पहिले. शहराच्या प्रथम नागरिकाची निवड नागरिकांनी न करता त्यांच्या सभासदांनी करावयाची, ही मुंबईतील वहिवाट अशा रीतीने राष्ट्रपतीच्या पदाहून कितीतरी जुनी आहे, आणि ती आजही चालू आहे.

पुढे १८९२ चा इंडियन कौन्सिल्स ॲक्ट आला आणि त्याने मतावर मताचे मजले चढवले. त्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलात थोड्या जागांसाठी संस्थांनी नाव सुचवावयाचे आणि सरकारने ते मान्य करून नेमणूक करावयाची, इतकीच सवलत दिली होती. मुंबईच्या कॉर्पोरेशनला अशी एक जागा मिळाली आणि १८९३ मध्ये तिने फिरोजशहांना पाठवले. मध्य विभागाच्या लोकल बोर्डांनी १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांना पाठवले. आणि प्रांतिक कौन्सिलातील बिनसरकारी सभासदांनी आपल्यातून एकाला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पाठवावयाचे, त्या जागेवर प्रथम फिरोजशहा आणि १९०१ मध्ये त्यांच्या मागून गोखले गेले. आता पट्टी भरणाऱ्या गिरगावकराच्या मताचा प्रवास पाहा: त्याने वॉर्डातील सभासद निवडला, त्या सभासदाने कौन्सिलर निवडला, त्या कौन्सिलरने कलकत्त्याचा प्रतिनिधी निवडला. तीन मुखत्यारांच्या हातांतून गेलेले ते मत शेवटी गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांत उमटले, आणि मिठावरील कर कमी व्हावा म्हणून कलकत्त्यात जो आवाज घुमला त्याच्या मुळाशी अशी चिमूटभर मते होती, हे नाकारता येणार नाही. मात्र त्या साखळीचा एक दुवा जरी लोकांच्या हातातून निसटला तर काय होते, याचा दाखलाही याच शहराने लवकरच दिला.

१९०७ च्या म्युनिसिपल निवडणुकीत फिरोजशहांचे कॉर्पोरेशनमधील वर्चस्व मोडून काढण्यासाठी काही मंडळींनी संगनमत केले. त्यात ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हाट फ्रेझर होते, अकाउंटंट जनरल हॅरिसन होते, आणि सरकारी वर्तुळातील वजनदार अंमलदारांचे पाठबळ त्यांना होते. त्यांनी हात घातला तो वॉर्डांना नव्हे. जस्टिसांच्या सोळा जागांना. जस्टिस सरकारने नेमलेले, बरेचसे सरकारी मर्जीवर अवलंबून असलेले; सोळा नावांची यादी त्यांच्या हाती ठेवली की काम होत होते. मतमोजणीत फिरोजशहा सतरावे आले. ज्याने या संस्थेची घटना घडवण्यात आयुष्य वेचले तो माणूस एका जागेने बाहेर राहिला, आणि लोकांचा क्षोभ इतका झाला की माधवबागेत प्रचंड निषेधसभा भरली. पुढे निवडून आलेल्या सोळांपैकी एकाची निवड न्यायालयात रद्द ठरून फिरोजशहा आत आले. परंतु त्या प्रकरणाने जे शिकवले ते त्यांच्या परत येण्याने पुसले गेले नाही. मधला निवडणारा जर मुळात लोकांचा मुखत्यार नसेल, त्याची नेमणूक आणि बडतर्फी दुसऱ्याच्या हाती असेल, तर अप्रत्यक्ष निवडणूक हे केवळ सोंग ठरते. तो लोकांचा असेल, त्याला पुन्हा त्याच गल्लीत तोंड दाखवावयाचे असेल, तर मात्र मताचे पाणी तीन पाटांतून फिरूनही शेताला पोहोचते. पुढील सर्व विवेचनात मी हीच कसोटी लावणार आहे.

गिरणगावाला मत मिळावयास फार काळ लागला. १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यास म्युनिसिपल मत मिळाले आणि विठ्ठलभाई पटेलांचा पक्ष कॉर्पोरेशनमध्ये प्रबळ झाला. पण एका खोलीत दोन कुटुंबे आणि चार पाहुणे राहत असलेल्या परळ-लालबागच्या कामगाराला दहा रुपयांची खोली ही चैन होती. दिल्लीच्या सेंट्रल असेंब्लीत कामगारांच्या वतीने बोलत असत ते ना. म. जोशी; परळच्या दामोदर हॉलमधून सोशल सर्व्हिस लीगचे काम चालवणारा हा निःस्पृह माणूस कामगारांच्या मताने नव्हे, सरकारच्या नेमणुकीने तेथे बसला होता. जोशींची योग्यता वादातीत होती. तरीही ज्यांच्यासाठी ते बोलत त्या कामगारांना त्यांना परत बोलावण्याचा अधिकार नव्हता, ही उणीव जोशींच्या सचोटीने भरून निघण्यासारखी नव्हती.

१९३७ ची प्रांतिक असेंब्लीची निवडणूक या दृष्टीने निराळी. पोयबावडीच्या बी. आय. टी. चाळीत दीर्घकाळ राहिलेले आणि आता दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहू लागलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर भायखळा-परळ मतदारसंघातील राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे उभे होते, आणि त्यांच्यासमोर काँग्रेसने नामांकित क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांना उभे केले होते. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. या निकालामागे मतदानपद्धतीचा एक विशेष होता, त्याची आठवण आता कोणी फारशी काढीत नाही. मुंबई इलाख्यात तेव्हा अनेक जागांच्या मतदारसंघात मतदाराला जितक्या जागा तितकी मते असत आणि ती सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असे. डबक चाळीतील किंवा कामाठीपुऱ्यातील अस्पृश्य मतदार संख्येने थोडा होता, पण आपली सर्व शक्ती एका नावामागे उभी करण्याचे साधन त्याच्या हातात होते आणि त्याने ते वापरले.

घटनासमितीची निवडणूक पूर्णतः अप्रत्यक्ष होती. १९४६ च्या जुलैत प्रांतिक विधिमंडळांच्या सभासदांनी तिचे सभासद निवडले, आणि ती विधिमंडळेदेखील १९३५ च्या कायद्याच्या मर्यादित मताधिकारावर निवडलेली होती. मुंबई असेंब्लीत डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे बळ नसल्यामुळे परळच्या या पुढाऱ्याला मुंबईतून घटनासमितीत जाण्याची वाट बंद झाली; ती उघडली बंगालमध्ये, जोगेंद्रनाथ मंडल आणि तेथील काही आमदारांच्या पसंतीच्या मतांनी. वर्षभराने फाळणी झाली आणि बंगालची ती जागा गेली. तेव्हा मुकुंदराव जयकरांच्या राजीनाम्याने मुंबईची एक जागा रिकामी झाली होती. राजेंद्रप्रसादांनी १९४७ च्या जूनअखेरीस मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना पत्र लिहून डॉ. आंबेडकरांना त्या जागेवर निवडून पाठवावे असा आग्रह धरला, आणि ज्या असेंब्लीत आदल्या वर्षी त्यांना वाट नव्हती तिनेच त्यांना पाठवले. जो ग्रंथ पुढे कोट्यवधींच्या प्रत्यक्ष मताधिकाराचा आधार झाला, त्याच्या मसुदासमितीचा अध्यक्ष घटनासमितीत दोनदा आला आणि दोन्ही वेळा आमदारांच्या मतांनी आला. अप्रत्यक्ष निवडणूक माणसांची लायकी ओळखू शकते, याचा हा मोठा पुरावा. आणि ती लायकी ओळखावयास तिला किती विलंब लागतो, याचाही.

राष्ट्रपतीची निवड कशी व्हावी या प्रश्नावर त्या समितीत जो वाद झाला त्यातला मुख्य विरोधी आवाजही मुंबईचाच होता. मुंबई विश्वविद्यालयातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक के. टी. शहा बिहारमधून समितीवर निवडून गेले होते, आणि राष्ट्रपती प्रौढ मताधिकाराने थेट लोकांनी निवडावा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली. राष्ट्राचा प्रमुख लोकांच्या मताने आला तरच तो लोकांचा, आमदार-खासदारांच्या मताने आला तर तो त्या वेळच्या बहुमतवाल्या पक्षाचा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. त्याला पंडित नेहरूंनी आणि डॉ. आंबेडकरांनी दिलेले उत्तर दुहेरी होते. एक तर राज्य मंत्रिमंडळाने करावयाचे असून राष्ट्रपती नाममात्र प्रमुख आहे. कोट्यवधी लोकांनी निवडलेला माणूस नामधारी राहावयास राजी होणार नाही. दुसरे, एवढ्या विशाल मतदारवर्गाची निवडणूक घेण्यास लागणारी यंत्रणा आणि खर्च एका अधिकारशून्य पदासाठी करणे व्यर्थ आहे. शहांची दुरुस्ती फेटाळली गेली. फेटाळली गेल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९५२ च्या मे महिन्यात पहिल्या राष्ट्रपतिपदासाठी निवडणूक झाली तेव्हा राजेंद्रप्रसादांविरुद्ध तेच उभे राहिले. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० आणि शहांना ९२,८२७ असे मतमूल्य मिळाले. जी पद्धत आपल्याला पटत नाही तिच्यात उतरून तिच्या नियमांनी पराभव पत्करण्यास जी निष्ठा लागते ती विरळा, आणि त्या वृद्ध प्राध्यापकाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याच निवडणुकीत आणखी एक गोष्ट घडली, आणि परळ-दादरच्या वाचकाने ती विसरू नये असे मला वाटते. त्या वर्षीच्या लोकसभेच्या निवडणुकीत उत्तर मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून डॉ. आंबेडकर उभे होते. मतदाराला दोन मते होती, पण आता ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली निराळी पेटी असे, कोरी मतपत्रिका तीत टाकावयाची, आणि दोन्ही पत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद. १९३७ ची सवय आणि काही पक्षांचा प्रचार यांच्यामुळे हजारो मते अशी फुकट गेली. काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळून डॉ. आंबेडकर पराभूत झाले. थोड्याच दिवसांत मुंबई राज्याच्या आमदारांनी त्यांना राज्यसभेवर निवडून पाठवले. परिणामी मे महिन्यात राष्ट्रपतीची निवडणूक झाली तेव्हा उत्तर मुंबईतून विजयी झालेले काजरोळकर आणि तेथेच पराभूत झालेले आंबेडकर हे दोघेही त्या मतदारवर्गात होते, आणि दोघांच्या मतांचे मूल्य अगदी सारखे होते. थेट मतदानाने ज्याला नाकारले त्याला अप्रत्यक्ष मतदानाने स्थान दिले. आणि उत्तर मुंबईच्या सव्वा लाख मतदारांची इच्छा, आपल्या मतदारसंघात हरूनही, दुसऱ्या वाटेने त्या सभागृहाच्या दारापर्यंत गेली. त्या सव्वा लाखांच्या बळावाचून आमदारांना त्यांची आठवण झाली असती, असे मला वाटत नाही.

म्युनिसिपालिटीत प्रौढ मताधिकार आला तो १९४८ च्या निवडणुकीत. मेयरची निवड त्यानंतरही सभासदांकडेच राहिली, आणि तिच्यात निरनिराळ्या समाजांनी पाळीपाळीने खुर्ची घ्यावयाची असा एक सभ्य संकेत बराच काळ पाळला गेला. त्याच्या जमेच्या बाजू होत्या. तथापि पाळीने येणाऱ्या माणसाच्या निवडीत मतदाराच्या कौलाला वाव कमी. तो वाव १९५७ मध्ये एकदम दिसून आला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने पेटलेल्या गिरगावाने, दादरने आणि गिरणगावाने संयुक्त महाराष्ट्र समितीचे सभासद मोठ्या संख्येने निवडून दिले, आणि त्यांच्या मतांनी प्रथम मो. वा. दोंदे आणि त्यांच्या पुढच्या वर्षी शां. स. मिरजकर मेयर झाले. मीरत कटाच्या खटल्यात शिक्षा झालेला कम्युनिस्ट कार्यकर्ता फिरोजशहांच्या कॉर्पोरेशनमध्ये अध्यक्षस्थानी बसला. त्याच्या नावाला कोणत्याही चाळीतून एकही थेट मत पडले नव्हते, आणि तरीही त्या खुर्चीवर त्याला बसवले ते चाळींनीच.

राष्ट्रपतिपदाच्या बाबतीत अप्रत्यक्ष मताची शक्ती सर्वांत स्पष्ट दिसली ती १९६९ मध्ये. ती समजून घेण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. १९६७ च्या निवडणुकीत दक्षिण मुंबईने सदोबा पाटील यांचा पराभव करून जॉर्ज फर्नांडिस या समाजवादी कामगारपुढाऱ्याला निवडून दिले. पाटील तीन वेळा मेयर झालेले, केंद्रात मंत्री, मुंबई काँग्रेसचे सर्वसत्ताधीश. त्यांचा पराभव होईल हे निवडणुकीच्या आधी फार थोड्यांना खरे वाटत होते. मतदारांनी तो कौल दिला तेव्हा त्यांच्या मनात महागाई होती, पाण्याची टंचाई होती, पाटलांनी संयुक्त महाराष्ट्राला केलेल्या विरोधाची जुनी सल होती. राष्ट्रपतीचा विचार कोणाच्याच डोक्यात नव्हता. दोन वर्षांनी झाकिर हुसेन यांचे निधन झाले, आणि बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने पंतप्रधानांच्या मनाविरुद्ध नीलम संजीव रेड्डींचे नाव ठरवले. रेड्डींच्या बाजूने कौल देणाऱ्यांत सदोबा पाटील होते आणि यशवंतराव चव्हाणही होते. इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाप्रमाणे मत देण्याचे आवाहन केले, आणि वराहगिरी व्यंकट गिरी स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहिले.

१६ ऑगस्टला मतदान झाले आणि २० तारखेला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि तिसऱ्या क्रमांकावर चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ असे मतमूल्य पडले. विजयासाठी ४,१८,१६९ लागत होते. कोणीच तेथवर पोहोचला नाही, आणि म्हणून स्वतंत्र भारतात प्रथमच दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. देशमुख हे रायगडचे, महाडजवळच्या नात्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर. आणि १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या प्रश्नावर ज्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले ते हेच. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते उभे होते. त्यांना मत देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी दुसरी पसंती रेड्डींना दिलेली निघाली. तरीसुद्धा गिरींच्या वाट्याला जे थोडे आले तेवढ्याने त्यांची बेरीज ४,२०,०७७ झाली. आवश्यक संख्येहून ती केवळ १,९०८ ने अधिक होती.

या १,९०८ कडे पाहिले म्हणजे मतदाराच्या एका मताचे काय होते, या प्रश्नाला उत्तर मिळू लागते. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा काही शेकड्यांत होते, म्हणजे चार खासदार जरी इकडचे तिकडे झाले असते तरी गिरींची बेरीज आवश्यक संख्येला पोहोचली नसती. दक्षिण मुंबईच्या खासदाराचे मत दोन वर्षांपूर्वी सदोबा पाटलांच्या हातात राहिले असते तर ते रेड्डींना पडले असते, यात संशय नाही. फर्नांडिस यांनी कोणाला पसंती दिली ते मतपेटीचे गुपित आहे. पाटील पुढे गुजरातेतील बनासकांठ्याच्या पोटनिवडणुकीने लोकसभेत परतले, हेही खरे. पण गिरगावच्या जागेवरचे मत त्यांच्या हुकमतीतून गेले होते. परळचे आमदार तेव्हा कम्युनिस्ट कृष्णा देसाई होते, गिरणगावचे खासदार श्रीपाद अमृत डांगे होते, आणि त्यांच्या पक्षाचा पाठिंबा गिरींना होता. १९२० मध्ये एम्पायर थिएटरात ज्या ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली तिचे दोनदा अध्यक्ष झालेला माणूस राष्ट्रपतिभवनात गेला, त्यात साच्यावर काम करणाऱ्या मतदाराचा हात होता. फक्त त्याने तो दोन वर्षे आधी, दुसऱ्याच कारणासाठी उचलला होता.

अप्रत्यक्ष निवडणुकीचा खरा गुणधर्म मला येथे दिसतो. मत कमी पडत नाही; ते उशिरा पडते, आणि ज्या प्रश्नासाठी दिले त्याहून वेगळ्या प्रश्नावर पडते. म्हणून येथे काय हवे यापेक्षा कोण हवा, हा विचार मतदाराने अधिक कसोशीने केला पाहिजे, कारण उद्याचा प्रश्न आज कोणालाच ठाऊक नसतो आणि मुखत्यारपत्र मात्र आजच लिहून द्यावे लागते.

१९८४ मध्ये, दोन वर्षांच्या संपाने होरपळलेल्या गिरणगावाने इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही त्या संपाचे पुढारी दत्ता सामंत यांना दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर पाठवले. १९८७ च्या राष्ट्रपतिनिवडणुकीत त्या लोकसभेतील प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ७०२ होते. वेंकटरामन मोठ्या फरकाने निवडून आले आणि एका मताने काही होण्यासारखे नव्हते. पण गिरण्यांची फाटके बंद असलेल्या वस्तीने सरकारपक्षाचा नसलेला एक मतदार त्या वर्गात बसवला होता.

२००७ चा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा. दादर, लालबाग, परळच्या मतदारांनी २००४ मध्ये शिवसेनेला मते दिली ती भाजपबरोबरच्या युतीला म्हणून. राष्ट्रपतिपदासाठी भैरोंसिंह शेखावत हे भाजपप्रणीत आघाडीच्या पसंतीचे उमेदवार. समोर जळगावच्या प्रतिभाताई पाटील. बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी व्यक्ती राष्ट्रपती होत असताना शिवसेना तिच्याविरुद्ध मत देणार नाही असे जाहीर केले, आणि प्रतिभाताई ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने निवडून आल्या. मतदाराची येथे फसवणूक झाली का? माझ्या मते नाही. निर्णय उघडपणे, मतदानाच्या आधी, कारणासह सांगितला गेला. तो ज्याला रुचला नाही त्याला पुढच्या निवडणुकीत हिशेब मागता येत होता. मुखत्याराने सांगून फेरफार करणे निराळे आणि लपून करणे निराळे.

लपून करण्याला कायद्यात जागा आहे, आणि तेथे माझी हरकत आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. विधान परिषदेच्या आणि राष्ट्रपतीच्या निवडणुकीत ती गुप्त राहते, पक्षादेशही लागू होत नाही. सामान्य मतदाराला गुप्ततेचे कवच हवे, कारण त्याच्यावर मालकाचा, सावकाराचा, दादाचा दाब येऊ शकतो. पण आमदार हा स्वतःच्या मालकीचे मत देत नसून दुसऱ्यांनी सोपवलेले मत देतो. त्याने ते कोणाला दिले हे पक्षाच्या प्रतिनिधीला कळावे आणि लालबागच्या मतदाराला कळू नये, याचे समर्थन मला कोणत्याही तत्त्वात सापडत नाही. १९०७ च्या जस्टिसांचा दोष हाच होता की ते खालच्या माणसाला उत्तर देत नसत. राष्ट्रपतीच्या निवडणुकीतील आमदार-खासदारांची मते निकालानंतर प्रसिद्ध व्हावीत, अशी मागणी करण्याची वेळ केव्हाच आली आहे.

आता १७५ या आकड्याविषयी. राज्याच्या लोकसंख्येला आमदारांच्या संख्येने भागून पुन्हा हजाराने भागले की आमदाराच्या मताचे मूल्य येते, आणि ही लोकसंख्या आजही १९७१ च्या जनगणनेची धरली जाते. महाराष्ट्राची तेव्हाची संख्या ५,०४,१२,२३५, आमदार २८८. ज्या वर्षी ही गणना झाली तेव्हा गिरण्यांत तिन्ही पाळ्या चालत होत्या, आणि भारतमाता सिनेमासमोरच्या रस्त्यावर पाळी सुटल्यावर चालावयास जागा मिळत नसे. त्या गिरण्यांच्या जागी आज मनोरे आहेत, चाळींतील कुटुंबे बदलापूर-विरारपर्यंत पांगली आहेत, तरी राष्ट्रपती निवडताना शिवडीच्या आमदाराच्या मतात मोजली जाते ती साच्यांवरची माणसे. २०११ ची लोकसंख्या धरली असती तर महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य ३९० झाले असते. आज तामिळनाडूच्या आमदाराचे मूल्य १७६, म्हणजे आपल्याहून एकाने अधिक. त्या हिशेबाने ते ३०८ वर राहिले असते. उत्तर प्रदेशचे २०८ वरून ४९६ झाले असते. म्हणजे लोकसंख्येला आळा घालणाऱ्या दक्षिणेचे वजन घटते आणि उत्तरेचे वाढते, हा ज्या कारणासाठी आकडे गोठवले तोच पेच अजून जागच्या जागी आहे, आणि महाराष्ट्र त्यात मध्यावर उभा आहे.

२०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की हा जुना हिशेब संपेल. मतदारसंघांची फेररचना होईल तेव्हा परिसीमन आयोगाला आपला मसुदा प्रसिद्ध करून त्यावर सूचना आणि हरकती मागवाव्या लागतील, जाहीर बैठका घ्याव्या लागतील. गिरगाव मलबार हिलच्या बंगल्यांशी जोडलेले राहावे की नाही, लालबाग-परळ शिवडीत असावे की अन्यत्र, दक्षिण मुंबईच्या वाट्याच्या जागा उपनगरांकडे किती जाव्यात, हे त्या बैठकांत ठरेल, आणि ज्या जागा ठरतील त्यांवर बसणारी माणसेच पुढचे राष्ट्रपती निवडतील. तेव्हा हरकतीचा अर्ज देण्याचा अधिकार प्रत्येक मतदाराला असेल, आणि त्या अर्जासाठी कोणत्याही मुखत्याराची गरज लागणार नाही.